नळी क्रमांक सतरा

दिवाळ्याच्या जेट्टीखाली, ओहोटीला,
बाबा गुडघाभर गाळात उभे
आणि मी काठावर, हातमोजे घालून.
कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतं बघितलं.
माझ्याकडे चमचा होता,
निर्जंतुक, एकदाच वापरायचा.
नळीवर लिहिलं: सतरा. तारीख. वेळ.
बाबा म्हणाले, "अष्टमी लिव. भांगाचा चिखोल हाय यो."
रकान्यात बसत नव्हतं. लिहिलं.

खारघरच्या डोंगराखाली आमची प्रयोगशाळा.
ताटल्यांत आगर, आगरात पारा,
साधी बुरशी धरू नये इतका.
तिसऱ्या सकाळी सतराच्या ताटलीत
भिजलेल्या साबुदाण्यासारखे ठिपके. नऊ.
रुबिना म्हणाली, हात लागला असेल कुणाचा, फेक.
मी परत मोजले.
नऊच.

मग रात्रभर यंत्र वाचत राहिलं,
चाळीस लाखांवर अक्षरं,
चारच, पुन्हा पुन्हा तीच चार,
ना काना, ना मात्रा,
शब्द कुठे सुटतो ते आपणच ओळखायचं.
पहाटे कॅन्टीनचा चहा निवून साय धरून बसला
आणि ती सापडली:
पाऱ्याची जनुकं, सलग,
एका दोरीत ओवलेल्या सुक्या बोंबलांसारखी.

त्यांच्या दाराशी एक प्रथिन बसलेलं असतं,
जोडीनं.
पारा नसेल तेव्हा वाचणारा येतो,
टेकतो, ताटकळतो.
उगाच बोलायला ऊर्जा लागते,
एवढ्याशा जीवाला परवडत नाही.
आणि पाऱ्याचा एक कण येऊन चिकटला की
तेच प्रथिन, जागेवरून न उठता,
धाग्याचा पीळ थोडासा सैल करतं.
ज्यानं अडवलं होतं त्यानंच वाट दिली.
मी हे वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, आठ गुणांना.
आपल्या गावच्या चिखलात असं बघितलं नव्हतं.

घरी बाबा जाळ्याची भोकं शिवत होते.
सांगितलं त्यांना. जमेल तसं.
"म्हंजे तो पारा खातो?"
खात नाही, बाबा. त्याची वाफ करतो.
सुई थांबली.
"आन वाफ जाते कुठं?"

हे मी सांगताना गाळलं होतं.
नेमकं तेच.
पंख्याखाली दोरा हलत राहिला.
मग बाबांनीच सुरुवात केली, जाळ्याकडे बघत,
मी विचारलंही नव्हतं:
"एका साली निवट्यांची पोटं वर आली होती.
सगली खाडी पांढरी.
आमी टोपल्या भरल्या. बेलापुरान इकल्या.
तुज्या आत्याकडंपन दिल्या दोन वाटं.
कोनाला सांगितला नाय."
आत्याचे हात कापतात.
मला आठवतं तेव्हापासून कापतात,
चहाची बशी ती दोन्ही हातांनी धरते.
बाबांना मी म्हणाले, तसं काही सिद्ध होत नाही.
ते खरंच आहे. सिद्ध होत नाही.
त्यांनी दोरा दातानं तोडला.

आता उणे ऐंशीला सतरा गोठून आहे,
तांदळाच्या दाण्याएवढ्या बर्फात एक अख्खं गाव.
पाऱ्याच्या ओळीशेजारी आणखी एक जनुक आहे.
यंत्र त्याला नाव देत नाही,
फक्त म्हणतं: प्रथिन, असावं.
मीठ दिलं, तांबं दिलं, उपाशी ठेवलं, ऊन दिलं.
उघडत नाही.
सर म्हणतात, सोड, प्रबंधात एक ओळ टाक.

बाबांना हेही सांगितलं, का कुणास ठाऊक.
ते म्हणाले, "भांगाला सगलाच गप असतं.
उधानाचा चिखोल घे."

अमावास्या मंगळवारी आहे.
नळ्या उकडून ठेवल्यात.
चमचे दोन घेतलेत.